व्याह्यांची टर्की आणि साडेतीनशे अंश

किलबर्न, न्यू ब्रन्सविक
९ नोव्हेंबर

प्रिय अर्डिसताई,

तुला धाकट्या हेझनचा नमस्कार, आणि क्लिफर्डदाजींनाही तितक्याच आदराने (तू पत्र मोठ्याने वाचायला लागलीस की ते दुसऱ्या परिच्छेदात झोपतात हे ठाऊक असूनही). तुझा उजवा गुडघा कसा आहे? डावा बरा आहे असं गृहीत धरतो, कारण मागच्या पत्रात तू त्याची तक्रार केली नव्हतीस. सस्कॅचवनमध्ये एव्हाना बर्फ पडला असेल. आमच्याकडे अजून नुसती गारठ्याची धमकी चालू आहे. मी ठणठणीत आहे. अ‍ॅव्हिसही बरी आहे आणि माझ्याशी पुन्हा बोलू लागली आहे. ती का बोलत नव्हती ते सांगायलाच हे पत्र लिहितो आहे, तेव्हा चहाचा कप घेऊन बस.

बातमी आनंदाची आहे. आपल्या टॅम्सिनचं लग्न ठरलं. मुलगा चांगला आहे, निर्व्यसनी आहे, बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, नाव ऑल्डन पिंकम. मुलगा अमेरिकन आहे. (अ‍ॅव्हिस म्हणते, हे वाक्य मी ज्या आवाजात म्हणतो त्या आवाजात लोक ‘मुलाला फिट्स येतात’ असं सांगतात.) नदीच्या त्या काठावरच्या, पुलापलीकडच्या हॅडलीचा. म्हणजे आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारं ते पांढरं घर, तिथला. चाळीस वर्षं मी भांडी घासताना त्या घराकडे पाहत आलो आणि मनातल्या मनात त्याला ‘परदेश’ म्हणत आलो. आता तिथे माझी मुलगी नांदायला जाणार.

तुला माझी अडचण कळावी म्हणून सांगतो, की वसंतापासून मी किलबर्नच्या स्वदेशी खरेदी समितीचा अध्यक्ष आहे. अमेरिकेने ती आयातकराची भानगड सुरू केली, वर तुम्हीही आमच्यातच या, एक राज्य म्हणून सामील व्हा, असली भाषा कानावर यायला लागली, तेव्हा गावात सगळ्यांचंच डोकं फिरलं. माझं जरा जास्त फिरलं, कारण मी निवृत्त आहे आणि फिरायला माझ्याकडे वेळ आहे. दुकानात जाऊन मी भिंगाने डब्यांवरची अक्षरं वाचू लागलो. संत्री बंद केली. केचप बंद केलं. सकाळी खायचे सुके आलुबुखारे कॅलिफोर्नियाचे निघाले, तेही बंद केले (या देशभक्तीचे माझ्या पोटावर काय परिणाम झाले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, पण अ‍ॅव्हिसला सगळं ठाऊक आहे आणि ती विचारलं तर सांगते). फक्त अमेरिकन बातम्या तेवढ्या बंद करता आल्या नाहीत. सकाळी सात ते दहा मी त्याच पाहतो. शत्रूची खबर ठेवावी लागते. खरं सांगू का, त्यांच्या सिनेटमध्ये कोण कोणाच्या विरोधात आहे ते मला तोंडपाठ आहे, आणि आमच्या वॉर्डचा नगरसेवक कोण ते परवा त्याने स्वतः येऊन सांगितलं तेव्हा कळलं.

तर ऑक्टोबरातल्या आपल्या थँक्सगिव्हिंगला पिंकम मंडळींनी आम्हाला दुपारच्या जेवणाला बोलावलं. त्या सोमवारी त्यांनाही सुट्टी असते, दुसऱ्याच कशाची तरी. त्यांचा थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरअखेर. पीक कापून सहा आठवडे झाल्यावर देवाचे आभार मानणारी ही माणसं, पण ते असो. व्याही रॉयस पिंकम, पस्तीस वर्षं समुद्रात लॉबस्टर पकडले, आता गुडघ्यांमुळे घरी. विहीणबाई ग्लेनिस, शाळेच्या बसच्या चालक, तीस पोरांना नुसत्या आरशातून गप्प करणाऱ्या. आदल्या दिवशी ग्लेनिस आणि अ‍ॅव्हिसचं फोनवर अर्धा तास बोलणं झालं आणि फोन ठेवून अ‍ॅव्हिसने मला नियम सांगितला. जेवणाच्या टेबलावर राजकारण काढायचं नाही. जो काढेल त्याने उठून मागच्या दाराबाहेरच्या उघड्या लाकडी ओट्यावर, डेकवर, जायचं आणि दहा मिनिटं थंडीत उभं राहायचं. राजकारण कशाला म्हणायचं ते बायका ठरवणार, अपील नाही. मी म्हटलं, मला मान्य आहे, मी काय शाळकरी पोर आहे का. टॅम्सिन माझ्याकडे पाहून फक्त म्हणाली, “बाबा, माझ्यासाठी. एक दुपार.”

ताई, तुला म्हणून सांगतो, मी मनापासून ठरवून गेलो होतो. पण तू एकदा करून बघ. एका कॅनेडियन आणि एका अमेरिकन माणसाला टेबलावर समोरासमोर बसव आणि राजकारण नसलेला एक विषय शोधून दाखव. ग्लेनिसने दुधाचा जग ठेवला आणि अ‍ॅव्हिस, काही तरी बोलायचं म्हणून, म्हणाली की आमच्याकडे दूध पिशवीत मिळतं. रॉयस लगेच म्हणाला, “मिळणारच. आमचं बाटलीतलं तुम्ही कर लावून वेशीवरच अडवून ठेवलंय ना.” ग्लेनिसने नुसतं दाराकडे बोट केलं. पहिल्या चार मिनिटांत यजमान डेकवर. मला फार बरं वाटलं.

तो परत आला तेव्हा आम्ही प्रकृतीवर बोलत होतो, म्हणजे विषय अगदी निरुपद्रवी. ग्लेनिस त्याच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचं सांगत होती. मी फक्त सहानुभूतीने म्हणालो की आमच्याकडे त्याचा एक पैसा पडला नसता. तो म्हणाला, बरोबर, कारण नंबर लागेपर्यंत माणसाला गुडघ्याची गरजच उरत नाही. आम्हा दोघांनाही ताकीद मिळाली. मग पक्ष्यांचा विषय निघाला. रॉयस म्हणाला, तुमच्या कॅनडाची रानबदकं दर वर्षी पासपोर्ट नसताना येऊन माझं अंगण घाण करतात. मी म्हणालो, येतात खरी, पण दर वसंतात सगळं नीट पाहून परत घरी जातात. मग त्याने विचारलं, विनिपेगमधला एक डेलबर्ट स्ट्रँग म्हणून माणूस ओळखता का. हा मला घोर अपमान वाटला. एवढा प्रचंड देश, आणि यांना वाटतं आम्ही सगळे एकाच आळीत राहतो. मी त्याला आमच्या लोकसंख्येचा आकडा ऐकवणार होतो, तर अ‍ॅव्हिस म्हणाली, “अरे, डेलबर्ट म्हणजे कॉलेजात तुझ्या खोलीत राहायचा तोच ना?” तोच होता.

मी हवेवर गेलो. हवेत कसलं आलंय राजकारण. ग्लेनिस म्हणाली, आज किती छान ऊब आहे, साठ अंश आहेत. भूगोल शिकवलेल्या माणसाला काही गोष्टी ऐकवत नाहीत. मी हसून म्हणालो, साठ असते तर आपण आत्ता शिजलो असतो, बाहेर पंधरा आहेत, आणि अख्खं जग सेल्सिअसमध्ये मोजतं. (अख्खं जग हे शब्द नडले असं मला नंतर सांगण्यात आलं.) अ‍ॅव्हिस, माझी स्वतःची बायको, चाळीस वर्षांचा संसार, म्हणाली, “डेकवर.”

डेकवर रॉयसने टर्की तळण्याची तयारी मांडून ठेवली होती. हे लोक टर्की भाजत नाहीत. बादलीएवढ्या पातेल्यात शेंगदाण्याचं तेल गॅसच्या शेगडीवर तापवतात आणि अख्खा पक्षी त्यात सोडतात. खांबाला त्यांचा भला मोठा झेंडा लावलेला. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. दोन मिनिटांनी दार उघडलं आणि रॉयसही बाहेर आला. त्याने आत बसून राजाबद्दल काही तरी विचारलं होतं म्हणे. आम्ही दोघं डेकवर, दार बंद, बायका आत, नियम आतला. ताई, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मजेची पंचवीस मिनिटं. तो म्हणाला, तुमचा राजा समुद्रापलीकडे राहतो. मी म्हणालो, हो, आणि रोज रात्री टीव्हीवर येत नाही हा त्याचा मोठा गुण आहे. तो म्हणाला, तुम्ही तुमचा पंतप्रधानसुद्धा थेट निवडत नाही. मी म्हणालो, आमची निवडणूक पाच आठवड्यांत उरकते, तुमची संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पुढची सुरू होते, मग माणसं गवत कधी कापतात. तो म्हणाला, तुम्हाला एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात बिअर न्यायची तरी कायदा आडवा येतो आणि तुम्ही आम्हाला खुल्या व्यापाराचं शिकवता. ते खरं आहे, म्हणून मी बंदुकांवर गेलो.

आता इथे एक गोष्ट कबूल करायची आहे. रिकाम्या हाती कसं जायचं म्हणून मी व्याह्यांसाठी तेलाचा थर्मामीटर भेट नेला होता, मुद्दाम कॅनडात बनलेला, म्हणजे सेल्सिअसचा. रॉयसने, त्याचा चांगुलपणा बघ, आपला जुना बाजूला ठेवून माझा पातेल्याला लावला आणि मला म्हणाला, “साडेतीनशे झाले की सांगा, मग पक्षी सोडू.” त्याचे साडेतीनशे फॅरनहाइट म्हणजे आपले पावणेदोनशे. काटा पावणेदोनशेवर आला तेव्हा मी बोलायला तोंड उघडलं. आणि मला आठवलं की अगदी याच विषयावर दहा मिनिटांपूर्वी मला घराबाहेर काढण्यात आलं होतं. घर त्यांचं, तेल त्यांचं, टर्की त्यांची. मुलीच्या लग्नाचा प्रश्न. पाहुण्याने पुन्हा सेल्सिअस काढणं बरं दिसलं नसतं. मी तोंड मिटलं. मग रॉयसने लाकडावरच्या कराचा मुद्दा काढला आणि मी काट्याकडे पाहायचं विसरलो.

तेलातून धूर यायला लागला तेव्हा रॉयस म्हणाला, झाले का साडेतीनशे. मी पाहिलं, काटा अडीचशेवर होता, आणि प्रामाणिकपणे सांगितलं, नाही, अजून वेळ आहे. पुढच्याच क्षणी पातेल्याने पेट घेतला.

रॉयस त्या गुडघ्यांनिशी ज्या चपळाईने गॅसच्या टाकीवर झेपावला ते पाहून मला अमेरिकन शस्त्रक्रियेबद्दल आदर वाटला. टाकी बंद झाली, पण तोवर कठडा पेटला होता आणि ज्वाळा खांबाकडे निघाल्या होत्या. तो ओरडला, “झेंडा काढा.” मी विचार केला नाही, ताई. विचार केला असता तर मी अध्यक्ष आहे हे आठवलं असतं. मी खुर्चीवर चढलो आणि झेंडा ओढला, तो दोरीसकट माझ्या डोक्यावर आला, मला काही दिसेना, आणि मी त्यात गुरफटलेला तसाच जिन्यावरून अंगणात धडपडलो. उठलो, पाय सोडवायला गेलो तर आणखी गुंडाळला गेलो. अंगणात मी भुतासारखा गोल गोल फिरत होतो आणि टॅम्सिन खिडकीतून अग्निशमन दलाला फोन करत होती.

तुला माहीतच आहे, कुठेही आग लागली तरी दोन्ही गावांचे बंब निघतात, पुलावरचं फाटक आधीच वर केलेलं असतं. पण हॅडलीच्या बंबाचा पंप बंद होता. त्याचा एक भाग कॅनडातून यायचा होता आणि तो कराच्या घोळात तीन महिने कुठल्याशा गोदामात पडून होता. त्यामुळे आला तो एकटा आपला किलबर्नचा बंब, घंटा वाजवत, बाजूला हे मोठं मॅपलचं पान. आणि त्यावर उभा पर्सी लीमन. पर्सी म्हणजे माझा जुना विद्यार्थी, दलाचा प्रमुख, आणि (दाजींना उठव) आमच्या स्वदेशी समितीचा उपाध्यक्ष. आग विझवायला त्याला सहा मिनिटं लागली. त्यानंतर तो माझ्यापाशी आला, नखशिखांत तारे आणि पट्ट्यांत गुंडाळलेल्या आपल्या अध्यक्षाकडे पाहून हळूच म्हणाला, “सर, हे कधीपासून?” तेवढ्यात कोणी तरी फोटो काढला. तो दोन्ही गावांच्या साप्ताहिकांत आला. हॅडलीवाल्यांनी खाली लिहिलं, ‘शेजाऱ्याने राखली झेंड्याची लाज.’ आपल्याकडच्यांनी फक्त माझं नाव आणि वय छापलं.

डेक अर्धा गेला. घराला फक्त काळं लागलं. टर्की स्वयंपाकघरात सिंकमध्ये होती तशीच, कच्ची आणि सुखरूप. रॉयसने तो थर्मामीटर राखेतून उचलला, पुसला, वाचला आणि मला विचारलं, “हे तुमच्या लक्षात आलं होतं?” मी म्हणालो, आलं होतं. “मग बोलला का नाहीत?” मी म्हणालो, बरं दिसलं नसतं. त्यावर तो जो हसायला लागला तो खाली पायरीवर बसला. मीही बसलो. आम्ही दोघं काळवंडलेल्या तोंडांनी हसत होतो आणि टॅम्सिन दारात येऊन उभी राहिली. ती हसत नव्हती.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “माझं लग्न झाल्यावर मी रोज सकाळी या घरातून निघून पुलावरून आपल्या गावातल्या गुरांच्या दवाखान्यात कामाला जाणार आहे आणि संध्याकाळी परत येणार आहे. दोन्हीकडच्या गाईंना सारखाच ताप येतो, बाबा. ऑल्डन आणि मी सहा महिने बसून सगळं ठरवलं, कुठे राहायचं, कर कुठे भरायचा, मुलं कुठे शिकतील. तुम्ही दोघांनी सहा महिन्यांत यातलं एक तरी विचारलंत? तुम्हाला देशांबद्दल सगळं माहीत आहे. माझ्याबद्दल तुम्हाला एवढंच माहीत आहे की मी कुठल्या बाजूला जाणार.” मग ती ऑल्डनला घेऊन नदीकाठी निघून गेली. अ‍ॅव्हिस माझ्याकडे बघत होती, ग्लेनिस रॉयसकडे. राजकारण कोणीच काढलं नाही. पर्सीची माणसं नळ्या गुंडाळत होती, त्यांना आमची दया आली असावी.

जेवण शेवटी झालं. अ‍ॅव्हिसने नेलेल्या घेवड्याच्या गोड उसळीवर आणि ग्लेनिसच्या भोपळ्याच्या पायवर पर्सीच्या अख्ख्या पलटणीसह चौदा माणसं जेवली. पण टॅम्सिन परत आल्यावरही माझ्या शेजारी बसली नाही. चाळीस वर्षं मी पोरांना नकाशे शिकवले, रेघ कुठे आहे ते फळ्यावर काढून दाखवलं. रेघेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून कोणी आयुष्य मांडणार असेल तर त्याला काय विचारायचं असतं, ते मला कुठे माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बातम्या न लावता मी हातोडी घेऊन पूल ओलांडला. रॉयस जळक्या फळ्या काढतच होता. तीन आठवडे आम्ही डेक बांधला. लाकूड आपलं, न्यू ब्रन्सविकचं (त्याने कर भरून आणलं, तोंडातून शब्द न काढता, मीही काढला नाही). स्क्रूवरून मात्र दोन दिवस वाद झाला. ते लोक फुलीच्या खाचेचा वापरतात, पेचकस सटकतो आणि माणूस शिव्या देतो. मी आपला चौकोनी खाचेचा, अस्सल कॅनेडियन, घेऊन गेलो होतो. त्याने एक लावून पाहिला. मग दुसरा लावला. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, हे आणखी किती मिळतील. राजकारण आम्ही सकाळी आठ ते बारा बोलतो, कशावरही एकमत होत नाही, आणि आता एकमेकांना ‘अरे’ म्हणतो. टॅम्सिन कामावरून येताना थांबते. मी तिला विचारलं की पुलावर सकाळी किती वेळ लागतो. ती म्हणाली, अकरा मिनिटं. मग तिने माझ्या हातून पेचकस घेतला आणि उरलेल्या कठड्याचे स्क्रू स्वतः लावले. अ‍ॅव्हिस त्याच संध्याकाळी बोलायला लागली.

समितीने मला खुलासा द्यायला बोलावलं होतं. मी राजीनामा लिहून नेला होता. पण पर्सीने उभं राहून सांगितलं की आजवर समितीतल्या कोणी फार तर केचप सोडलं, सरांनी एकट्याने अर्धा अमेरिकन डेक जाळला. माझी पुढच्या वर्षासाठी एकमताने फेरनिवड झाली.

लग्न जूनच्या दुसऱ्या शनिवारी आहे. चर्च आपलं, जेवण त्यांच्या डेकवर. तुम्ही दोघांनी आठवडाभर आधी यायचं आहे. गुडघ्याची काळजी करू नकोस, रॉयसशी तुझं छान जमेल.

तुझा धाकटा भाऊ,
हेझन

ता. क. जेवणात टर्की नाही.

ता. क. २. आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. रॉयस लग्नात भाषण करणार आहे आणि त्याला आमच्या घराण्याचा इतिहास हवा आहे. घरात मोठी तू, म्हणून तो तुला पत्र लिहिणार आहे. तो विचारेल, हेझनचा जन्म कुठला. त्या जानेवारीत आपल्या दवाखान्याचा बॉयलर फुटल्यामुळे आईला पलीकडे हॅडलीला नेलं होतं, हे आता फक्त तुला, मला आणि अ‍ॅव्हिसला ठाऊक आहे. आणि पुलावरच्या त्यांच्या अधिकाऱ्याला, जो माझा पासपोर्ट पाहून रोज सकाळी “या, या, घरी आलात” म्हणतो. कायद्याने मी त्यांचाही नागरिक ठरतो, ताई. समितीला कळलं तर काय होईल याचा विचार कर. तू नऊ वर्षांची होतीस, गाडीत मागे बसली होतीस. तू त्याला एवढंच लिही की हेझन गाडीतच जन्मला, पुलावर, आपल्या बाजूच्या कमानीखाली. मध्यावर म्हणालीस तरी चालेल.

ता. क. ३. (हे मी, अ‍ॅव्हिस, पाकीट चिकटवण्याआधी लिहिते आहे.) अर्डिसताई, खोटं लिहायची गरज नाही. फळ्या उचलताना हेझनने जाकीट रॉयसकडे दिलं होतं, त्यातून पासपोर्ट पडला आणि त्यावरचं जन्मस्थान त्याने वाचलं. त्याला आज तीन आठवडे झाले. हेझनला वाईट वाटेल, बरं दिसणार नाही म्हणून तो कोणाला काही बोलला नाही, एकट्या ग्लेनिसला सांगितलं. ती काळजीत आहे. म्हणते, आमचा रॉयस दिवसेंदिवस कॅनेडियन होत चाललाय.